मासेमारी नौकेच्या लाकूडकामाला व्हार्निश, तेल की रंग?

वेसावे बंदर

नमस्कार मंडळी. आमची डोलीची, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याची, लाकडी नौका मुंबईतल्या वेसाव्याच्या खाडीत असते. पाण्याखालच्या भागावर फायबर चढवलेले असल्यामुळे तो विषय या धाग्यापुरता बाजूला ठेवतो. विचारायचे आहे ते पाण्याच्या वरच्या लाकूडकामाविषयी, म्हणजे केबिनच्या भिंती आणि दार, दोन्ही बाजूंचे काठ, डेकच्या फळ्या आणि मासळीच्या खणांची झाकणे. काठ आणि केबिनची चौकट सागवानी आहे, भिंती मरीन प्लायवूडच्या आहेत आणि डेकच्या काही फळ्या मागच्या दुरुस्तीत ऐन या झाडाच्या लाकडाच्या घातलेल्या आहेत.

घरात दोन मते पडली आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे असे की इतके चांगले सागवान रंगाखाली झाकणे हा लाकडाचा अपमान आहे, तेव्हा पारदर्शक व्हार्निश मारावे. वडील म्हणतात की आजवर तेलरंगच चालत आला आहे आणि पुढेही तोच चालेल. फर्निचरच्या सामानाच्या एका दुकानदाराने मेलामाइन सुचवले, तर आमच्या एका नातेवाइकांच्या मते उकळलेल्या जवसाच्या तेलापलीकडे काही लागतच नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळातच नौका वर ओढलेली असते, आणि एकदा हंगाम सुरू झाला की सवड मिळत नाही. अशा परिस्थितीत काय निवडावे?

जुना रंगारी

मेलामाइनचा विचार प्रथम काढून टाकावा. ते घरातल्या कपाटासाठी असते, त्याचा थर कडक असतो, आणि उन्हापावसात लाकूड फुगले-आकसले की तो थर तडकतो. लाखेच्या पॉलिशचेही तेच. पाणी लागले की ती पांढरी पडते.

दुसरे असे की आपण चार वेगवेगळ्या जागांसाठी एकच उत्तर मागत आहात. काठावरून जाळे आणि दोरखंड घासत जातात, झाकणे दिवसातून अनेकदा आपटली जातात, डेकवर माणसे अनवाणी वावरतात, आणि केबिनची भिंत मात्र नुसती ऊन खात उभी असते. या चार जागांना एकच डबा पुरेल असे मला वाटत नाही. सध्या त्या लाकडावर काय आहे, तेही सांगावे, कारण जुन्या थरावर नवा थर धरतो की नाही यावरच निम्मे काम अवलंबून असते.

शिडाची होडी

मी कुलाब्याच्या बाजूला लहान शिडाच्या होड्यांची देखभाल करतो, त्यामुळे आपल्या बंधूंची बाजू घेतो. समुद्रावरच्या लाकडासाठीचे व्हार्निश घरगुती व्हार्निशपेक्षा वेगळे असते. त्यात तेलाचे प्रमाण जास्त असते, पुष्कळदा टंग तेल आणि फिनॉलिक रेझिन असते, आणि म्हणून त्याचा थर लाकडाबरोबर थोडा ताणला जातो. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ करून द्यावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे हात क्रमाक्रमाने घट्ट करावेत आणि प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवावा. सहा ते आठ हात बसले की थर पुरेसा जाड होतो. सागवानात स्वतःचे तेल असते, म्हणून पहिल्या हाताच्या अगदी आधी पृष्ठभाग थिनरने पुसून घेणे आवश्यक आहे. ते न केल्यामुळे व्हार्निश सोलले जाते आणि दोष मात्र व्हार्निशला दिला जातो.

रंगद्रव्य

मी निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे आणि नोकरी रंगांच्या क्षेत्रातच झाली. वरच्या प्रतिसादातील कृती बरोबर आहे, परंतु पारदर्शक थर आपल्या अक्षांशावर का टिकत नाही, हे सांगितल्याशिवाय ती अपुरी राहील.

लाकडातले तंतू एकमेकांना बांधून ठेवणारा घटक म्हणजे लिग्निन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे लिग्निन शोषते आणि त्यामुळे तुटत जाते. उघडे लाकूड काही आठवड्यांत करडे पडू लागते ते याच कारणाने. व्हार्निश पारदर्शक असल्यामुळे त्या किरणांचा काही भाग थरातून आरपार जाऊन थराच्या खालच्याच लाकडाला खातो. म्हणजे व्हार्निश वरून धडधाकट दिसत असतानाच ज्या लाकडाला ते चिकटलेले असते तो पातळ पापुद्रा मरतो, आणि मग संपूर्ण थर सोलून निघतो. चांगल्या व्हार्निशमध्ये हे किरण अडवणारी द्रव्ये घातलेली असतात, पण ती कालांतराने खर्ची पडतात, म्हणून वेळोवेळी वर नवा हात द्यावा लागतो. उष्ण प्रदेशात उन्हात राहणाऱ्या व्हार्निशवर दर तीन-चार महिन्यांनी एक हात द्यावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

रंगाचे तसे नाही. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड यांसारखी रंगद्रव्ये प्रकाश लाकडापर्यंत पोचूच देत नाहीत. वडिलांचा तेलरंग टिकतो त्यामागे हे साधे कारण आहे.

शिडाची होडी

मान्य. पण माझ्याकडच्या होड्या वापरात नसताना आच्छादनाखाली असतात आणि वर्षातून तीन वेळा त्यांना हात मिळतो. ज्याला तेवढे जमते त्याने व्हार्निश करावे, इतकेच मी म्हणेन.

मढकर

खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या दोन ओळींत लिहिला आहे आणि त्याकडे अजून कोणी वळलेले नाही. नौका वर असते जून-जुलैत. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रंगकामाला वर्षातला सर्वांत वाईट काळ जो, तोच आपल्याला सुट्टीचा मिळतो. परदेशी पुस्तकांत आणि डब्यांवरच्या सूचनांत नौका वर काढण्याचा मोसम कोरडा गृहीत धरलेला असतो. आपण त्या सूचना तशाच्या तशा पाळायला गेलो तर ओल्या लाकडावर महागडे द्रव्य लावून मोकळे होतो, आणि दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे निघतात. तेव्हा कोणते द्रव्य उत्तम, यापेक्षा आपल्या सवडीच्या दिवसांत कोणते द्रव्य धरेल, हे आधी ठरवावे.

रंगद्रव्य

मढकरांनी मर्मावर बोट ठेवले आहे. त्याला आकड्यांची जोड देतो.

लाकडावर थर चढवायचा असेल तर त्यातील ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेत असते. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ८५ ते ९० टक्के राहिली तर छपराखाली ठेवलेल्या, पावसाचा थेंबही न लागलेल्या लाकडातला ओलावा १८ ते २० टक्क्यांवर जाऊन थांबतो. याचा अर्थ जुलैत ताडपत्रीखाली कितीही दिवस नौका सुकवली तरी लाकूड हव्या त्या पातळीवर येणारच नाही. ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे छोटे यंत्र मिळते, ते एखाद्या गटाने सामाईक घेतले तरी पुरते. रंगकामाचा आणखी एक सर्वमान्य नियम आहे: पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नसावी. पावसाळ्यातील मुंबईच्या बहुतेक सकाळी या अटीत बसत नाहीत.

द्रव्यांनुसार परिणाम वेगळे होतात. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनमधील कडक करणारा घटक पाण्याशी संयोग पावतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. ओल्या लाकडावर त्या थरात बारीक फुगे दिसतात ते यामुळे. इपॉक्सीवर दमट हवेत मेणचट साय धरते आणि ती पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. तेलावर आधारलेले व्हार्निश आणि एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने वाळतात. दमट हवेत ते रेंगाळतात आणि त्यांची झळाळी जाते, पण निदान बिघडतात ते सावकाश.

वेसावे बंदर

सर्वांचे आभार. जुन्या रंगाऱ्यांनी विचारले होते म्हणून सांगतो: काठावर जुना तेलरंग आहे आणि तो जागोजागी सोलला आहे. केबिनच्या चौकटीवर मात्र पूर्वी कधीतरी व्हार्निश मारलेले होते. ते निघाले आहे आणि खिळ्यांच्या भोवती व सांध्यांपाशी लाकूड काळे पडले आहे. हा काळेपणा कुजण्याचा आहे का?

सुतारकी

आमच्या घरात नौका बांधण्याचे काम आहे, तेव्हा हा प्रश्न मी घेतो. खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग बहुधा लोखंडाचा असतो. लाकडातील टॅनिन आणि गंजणारे लोखंड यांचा संयोग होऊन तो पडतो. ऐन आणि बाभूळ यांत टॅनिन भरपूर असल्यामुळे तेथे तो अधिक गडद दिसतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने तो फिका होतो, पण ते आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत, आणि नंतर लाकूड गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. डाग काढून खिळा तसाच ठेवला तर डाग परत येणार, हे वेगळे सांगायला नको.

कुजणे ओळखायचे असेल तर बारीक टोच्या किंवा चाकूचे टोक दाबून पाहावे. निरोगी सागवानात टोक रुतत नाही आणि लाकडाची कपची लांब निघते. कुजलेल्यात टोक सहज शिरते आणि लाकूड आखूड तुकड्यांत मोडते. सांध्यांपाशी, दाराच्या उंबऱ्यापाशी आणि केबिनची भिंत डेकला मिळते त्या कोपऱ्यांत हे आधी तपासावे.

आता एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. पाण्याच्या वरचे लाकूड समुद्राच्या पाण्याने कुजत नाही, ते पावसाच्या पाण्याने कुजते. खारे पाणी बुरशीला मानवत नाही, गोडे पाणी मानवते. हंगामात डेकवर रोज खारे पाणी ओतले जाते तोवर ते लाकूड सुरक्षित असते. खरा धोका असतो तो नौका वर ओढून ठेवल्यावर, जेव्हा पावसाचे पाणी सांध्यांत साचते आणि वर निळी ताडपत्री घट्ट आवळलेली असते. पूर्वी झावळ्यांनी शाकारत असत, त्यातून वारा खेळत असे. ताडपत्रीच घालायची असेल तर मधोमध आडवी काठी टाकून ती उतरती करावी, दोन्ही टोके उघडी ठेवावीत आणि केबिनचे दार, खणांची झाकणे किलकिली ठेवावीत. असे केले नाही तर वर कोणतेही द्रव्य लावलेले असो, आतून लाकूड जाते.

कफ परेड

सुतारकी, मग इपॉक्सीने लाकूड चहूबाजूंनी बंद केले तर पाणी शिरणारच नाही, असे नाही का?

सुतारकी

सुटी फळी सहा बाजूंनी बंद करता येते, जागेवर बसलेली फळी बंद करता येत नाही. तिच्या एका बाजूला थर बसतो, दुसऱ्या बाजूने ओल शिरत राहते, आणि ती बाहेर पडायला वाट उरत नाही. शिवाय काठावर एकदा दोरखंडाने किंवा शेजारच्या नौकेने खरवडले की तो थर फुटतो आणि त्या फटीतून शिरलेले पाणी आतल्या आत फिरते. नवी केबिन बांधताना प्लायवूडच्या कडा इपॉक्सीने भरून घ्याव्यात, ते उत्तमच. जुन्या फळ्यांवर मी ते करणार नाही.

रंगद्रव्य

एक जोड: इपॉक्सी स्वतः उन्हात खडूसारखी भुकटी होते. तिच्यावर रंग किंवा किरण अडवणारे व्हार्निश द्यावेच लागते.

मढकर

तेलाविषयी लिहितो, कारण आमच्याकडे काठाला तेलच असते. तेल थर बनवत नाही, मुरते. त्यामुळे ते सोलत नाही, फक्त विरत जाते. काठ घासला गेला तर तेवढ्याच जागी फडक्याने पुन्हा तेल चोळता येते, जुने खरवडावे लागत नाही. काम करणाऱ्या नौकेला याहून मोठी सोय नाही. उणी बाजू अशी की ते लवकर विरते, आणि जवसाच्या तेलावर दमट हवेत काळी बुरशी धरते, कारण ते बुरशीचे अन्नच आहे. पूर्वी मुशीच्या (शार्कच्या) यकृताचे तेल लावत असत. त्याचा वास ज्याने घेतला आहे तो ते पुन्हा सुचवणार नाही. काजूच्या टरफलांचे तेलही किनारपट्टीवर नौकांच्या लाकडाला लावत आले आहेत. ते कीड दूर ठेवते, परंतु कच्चे असेल तर कातडी भाजते, म्हणून मजुराच्या हाती ते देताना विचार करावा.

जुना रंगारी

तेलासंबंधी एक इशारा येथे द्यायलाच हवा. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. डिझेलची पिंपे, नायलॉनची जाळी आणि थर्माकोल शेजारी असताना हे किती महागात पडेल याचा अंदाज प्रत्येकाला आहे. काम संपले की फडकी पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्यावीत.

आणि दुकानात कच्चे तेल मागू नये, दोनदा उकळलेले मागावे. कच्चे तेल आपल्या हवेत दिवसेंदिवस चिकट राहते आणि त्यावर धूळ, खवले, सगळे बसते.

रंगद्रव्य

भाऊ आणि वडील यांच्यामधला एक मार्ग यातूनच निघतो. उकळलेल्या तेलात बारीक आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपली काव, थोड्या प्रमाणात आणि बुरशीनाशक घातलेली तयार द्रव्ये बाहेरच्या लाकडासाठी मिळतात. लाकडाच्या रेषा दिसत राहतात, पण काव पुष्कळसा प्रकाश अडवते. ते मुरणारे असल्यामुळे सोलत नाही. साध्या तेलापेक्षा ते कितीतरी जास्त टिकते, आणि नव्याने लावताना जुने काढावे लागत नाही. सागवानावर तांबूस छटा येते, ती बंधूंना आवडेल का, हे मात्र मी सांगू शकत नाही.

पाटीवाली

मी भाऊच्या धक्क्यावर माल घेते, नौका आमची नाही. तरी झाकणांविषयी बोलते, कारण सगळी चर्चा लाकडाच्या तब्येतीची चालली आहे आणि मासळीचा विचार कोणी केलेला नाही. खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंग सुटला असेल तर त्याचे पोपडे बर्फात आणि बर्फातून पापलेटावर येतात. मी असा माल पाहिला आहे आणि तो बाजूला काढला जातो. ताज्या रंगाचा वासही बर्फात उतरतो. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आतून रंग मारून पहिल्याच फेरीचा माल त्यात भरू नये. दादा, झाकणाची आतली बाजू घासून धुता येईल अशी गुळगुळीत हवी, मग ती कशाचीही करा.

रंगद्रव्य

ताईंचे म्हणणे अगदी रास्त आहे. आतल्या बाजूला व्हार्निशही नको आणि साधा एनॅमलही नको. खणाला आतून जे फायबरचे अस्तर असते तेच झाकणाच्या आतल्या बाजूला घ्यावे आणि ते पूर्ण पक्के होऊन वास जाईपर्यंत वापरू नये.

यावरून शिशाचा विषयही काढतो. जुन्या पिढीत लाकडाला पहिला हात शेंदराचा असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमांच्या बाहेर आहेत. तेव्हा डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे. काठावरचा जुना रंग कधीचा आहे हे माहीत नसेल तर तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडावर मुखपट्टी असावी, आणि निघालेला चिखल खाडीत न सोडता गोळा करावा.

जुना रंगारी

शेंदराच्या जागी हल्ली रेड ऑक्साइड खपवला जातो. तो लोखंडाचा प्रायमर आहे, लाकडाचा नाही. लाकडासाठी अल्युमिनियमचा प्रायमर मागावा. त्यातील अल्युमिनियमच्या चपट्या कणांमुळे ओल सावकाश शिरते, आणि सागवानासारख्या तेलकट लाकडावरही तो बरा धरतो.

वेसावे बंदर

माझ्यापुढे अडचण राहते ती वेळेचीच. मढकर म्हणतात त्याप्रमाणे जून-जुलैत लाकूड सुकणार नाही. मेअखेरपर्यंत नौका पाण्यात असते. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा जायचे. मग सुके लाकूड मिळणार तरी कधी?

मढकर

भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत. आपली नौका डोलीची आहे ना? उधाणाच्या ओढीवर आपला धंदा चालतो, आणि भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावला की डोली नीट फुगत नाहीत, नौका धक्क्याला येतात, जाळी दुरुस्त होतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या हवेत मुंबईत लाकूड खरोखर कोरडे असते. सगळी नौका एकदम करण्याचा हट्ट सोडला तर एका भांगात एक काठ, पुढच्या भांगात दुसरा, असे काम सहज बसते. एनॅमल किंवा तेल रात्रभरात पुढच्या हातासाठी तयार होते. ट्रॉलरवाल्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे.

पावसाळ्यात करायचे ते खरवडणे, सांधे उघडून नवे भरणे, खिळे बदलणे, कुजकी फळी काढणे. त्यासाठी नौका वर लागते, आणि त्याला हवा कोरडी लागत नाही.

जुना रंगारी

हा सल्ला मी माझ्या कारागिरांनाही दाखवणार आहे. फक्त एक भर घालतो. भांगात काम करताना लाकूड कोरडे असले तरी ते मिठाने भरलेले असते, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेते. आधी गोड्या पाण्याने धुवावे आणि किमान एक कडक ऊन खाऊ द्यावे. डिझेल व मासळीचे तेल लागलेल्या जागा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासाव्यात, नाहीतर रंग त्या जागी पाठ फिरवतो आणि बारीक खड्डे पडतात. रंगाला सकाळी दव उडून गेल्यावर सुरुवात करावी आणि दुपारी तीनच्या सुमारास ब्रश खाली ठेवावा. संध्याकाळी खाडीवर दव उतरते आणि ओल्या एनॅमलची चमक मारली जाते.

शिडाची होडी

दर भांगाला नौका धक्क्याला असणार असेल तर मी माझे आधीचे म्हणणे थोडे पुढे नेतो. केबिनच्या दाराला वरून छज्जा असेल आणि थेट ऊन लागत नसेल, तर निदान दार आणि त्याची चौकट व्हार्निशची ठेवायला हरकत नाही. उतरवता येणारे दार असेल तर आणखी चांगले, घरी नेऊन सावलीत सहा हात देता येतील. भिंतींना मात्र मीही व्हार्निश सुचवणार नाही. प्लायवूडचा वरचा पापुद्रा सोलून काढलेल्या लाकडाचा असतो, तो उन्हात केसासारख्या बारीक चिरांनी फाटतो, आणि पारदर्शक थर त्याला धरून ठेवू शकत नाही.

वेसावे बंदर

छज्जा आहे आणि दार बिजागरीतून निघते. भावाला वाचून दाखवले. त्याला दार मिळाले यावर तो राजी आहे, काठाला काव घातलेले तेल चालेल असेही म्हणाला. वडिलांनी भिंतींसाठी प्रायमर आणि एनॅमलला होकार दिला, पण रंग गडद निळाच हवा असे त्यांचे म्हणणे आहे.

रंगद्रव्य

गडद रंग उन्हात फार तापतो. फिकट रंगाखालचे लाकूड त्या मानाने थंड राहते, त्यामुळे आकसणे-फुगणे कमी होते आणि सांधे शाबूत राहतात. केबिनच्या वरच्या भागाला पांढरा किंवा फिका पिवळा द्यावा आणि निळा पट्टा खाली ठेवावा, असे वडिलांना सुचवून पाहावे.

कफ परेड

रंग ठरवण्याआधी एक पाहावे. मासेमारी नौकांसाठी राज्यागणिक रंगसंकेत ठरवून दिलेला आहे आणि नोंदणी क्रमांक दुरून वाचता यावा लागतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारूनच डबे विकत घ्यावेत.

वेसावे बंदर

ते करतो. डेकविषयी मात्र अजून कोणी काही लिहिलेले नाही.

सुतारकी

डेकच्या सागवानी फळ्यांना काहीही लावू नये असे माझे मत आहे. उघड्या ठेवाव्यात, समुद्राच्या पाण्याने धुवाव्यात, आणि घासताना ब्रश फळीच्या रेषांना आडवा चालवावा. उभा घासला तर मऊ भाग खरवडून निघतो आणि खाचा पडतात. त्या करड्या पडतील, पण पाय घसरणार नाही. व्हार्निश मारलेल्या ओल्या डेकवर जाळे ओढताना माणूस पडला तर त्या चकचकीतपणाचा काय उपयोग? ऐनाच्या फळ्या तडकतात, म्हणून त्यांना रंग द्यावा लागेल. फळ्यांची टोके मात्र, सागवान असो की ऐन, बंद केलीच पाहिजेत. रेषांच्या दिशेने पाणी कित्येक पटींनी जास्त शिरते, आणि फळी कुजायला लागते ती बहुधा टोकापासूनच. पातळ केलेला प्रायमर टोकाला पीत राहील तोवर पाजावा.

जुना रंगारी

ऐनाच्या फळ्यांसाठी मंद झळाळीचा डेक पेंट घ्यावा. पहिला हात ओला असतानाच त्यावर चाळलेली, धुऊन सुकवलेली बारीक वाळू भुरभुरावी, वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाकावी आणि वर दुसरा हात द्यावा. चौपाटीवरची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते.

सामानासाठी दारूखान्याच्या बाजूला जहाजांच्या सामानाची दुकाने आहेत, तेथे बाहेरच्या वापराचे व्हार्निश आणि डेक पेंट मिळते. फर्निचरच्या दुकानात जाऊ नये. एनॅमल एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर जाते. प्लायवूडच्या भिंती मोजून घ्या, प्रायमरचा एक आणि एनॅमलचे दोन हात धरा. खिळ्यांची भोके आणि बारीक चिरा प्रायमरनंतर लांबीने (पुट्टीने) भराव्यात, प्रायमरच्या आधी नाही, कारण कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि ती पुढे सुटून पडते. भोके भरल्यावर त्या जागी प्रायमरचा पुन्हा एक ठिपका द्यायचा.

वेसावे बंदर

दार या आठवड्यातच उतरवतो. बाकीचे काम मढकरांनी सांगितल्याप्रमाणे मांडले आहे: बंदीत खरवडणे, खिळे आणि सांधे; फळ्यांची टोके, काठ, भिंती आणि ऐनाच्या फळ्यांचा रंग नोव्हेंबरपासूनच्या भांगांत. एक शंका उरते. मधल्या काळात, म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, खरवडलेला काठ उघडाच राहील. त्याला काही लावावे का?

मढकर

नारळी पौर्णिमेच्या आधी ज्या दिवशी चांगले ऊन पडेल त्या दिवशी उकळलेल्या तेलाचा एक पातळ हात चोळून घ्यावा आणि जादा तेल पुसून टाकावे. तो टिकायचा नाहीच, पण नोव्हेंबरमध्ये काव घातलेले तेल त्यावरच बसते, खरवडावे लागत नाही. सांध्यांत मात्र तेल जाऊ देऊ नये, नाहीतर नंतर भरलेली लांबी तेथे धरणार नाही.